मधोमध एक ताटली: परदेशात कुटुंब आणि मित्रांसोबत अनोळखी जेवण कसं जेवावं

परदेशात गेल्यावर तिथलं खरंखुरं जेवण चाखायची इच्छा बहुतेकांना असते. पण आपलं कुटुंब आणि सोबत मित्रांचं एखादं कुटुंब असलं, की गाडी हमखास ओळखीच्या पिझ्झ्यापाशी येऊन थांबते. एकाला मासे चालत नाहीत, दुसरीला वास सहन होत नाही, मुलं भुकेने कावलेली असतात आणि मेनू कुणालाच वाचता येत नाही. मग ‘उद्या बघू’ म्हणता म्हणता सहल संपते.

यावर मला एकच उपाय लागू पडताना दिसला आहे. अनोळखी पदार्थ माणशी एक मागवायचा नाही, टेबलासाठी एक मागवायचा. आठ जणांमध्ये एक ताटली आली की प्रत्येकाला एक-दोन घास मिळतात. आवडलं तर दुसरी ताटली मागवता येते, नाही आवडलं तर कुणीही उपाशी राहत नाही आणि पैसेही फारसे वाया जात नाहीत. एकटा माणूस किंवा जोडपं जे करायला धजत नाही ते मोठा घोळका सहज करू शकतो, तो याच कारणाने. शिवाय जगातली कितीतरी जेवणं मुळात वाटून खाण्यासाठीच मांडलेली असतात: इथिओपियात एकाच मोठ्या इंजेरावर, म्हणजे आंबवलेल्या पिठाच्या धिरड्यावर, सगळ्यांच्या भाज्या आणि रस्से वाढतात, चीनमध्ये टेबलाचा मधला भाग फिरता असतो, लेबनॉनमध्ये मेझेच्या लहान वाट्यांनी टेबल भरून जातं, कोरियात बानचानच्या, म्हणजे तोंडी लावण्यांच्या, बशा सगळ्यांच्याच असतात. अशा ठिकाणी प्रत्येकाने आपली वेगळी प्लेट मागवली, तर ते जेवण अर्धंच कळतं.

निघण्याआधी: कोण काय खात नाही

दोन्ही घरांनी एकदा एकत्र बसून एक कागद भरावा. त्यावर तीन रकाने आखावेत. पहिल्यात ॲलर्जी, म्हणजे ज्याने जिवाला धोका आहे ते सगळं. दुसऱ्यात श्रद्धेमुळे किंवा तत्त्वामुळे जे वर्ज्य आहे ते. तिसऱ्यात नुसतंच जे आवडत नाही ते. ही सरमिसळ झाली की घोळ होतो. ‘मला कोळंबी चालत नाही’ या वाक्याचे तीन वेगळे अर्थ निघतात आणि टेबलावर बसल्यावर ते विचारत बसायला वेळ नसतो. पहिल्या रकान्यात तडजोड नाही, दुसऱ्यावर कुणी वाद घालायचा नाही. नव्या चवीला जागा आहे ती तिसऱ्या रकान्यात.

ॲलर्जी असलेल्या माणसासाठी स्थानिक भाषेतलं कार्ड करून न्या. त्यावर ‘शेंगदाण्याची ॲलर्जी आहे’ एवढंच लिहून भागत नाही. शेंगदाण्याचं तेल, कूट, सॉस, त्याच कढईत तळलेलं दुसरं काही, हे सगळं स्पष्ट लिहायला हवं. मेक्सिकोतल्या मोले या दाट रश्श्याच्या अनेक प्रकारांत शेंगदाणे किंवा इतर सुकामेवा वाटलेला असतो, आणि रस्सा इतका एकजीव होतो की बघून काही कळत नाही. पश्चिम आशियात तिळाचं ताहिनी असंच लपलेलं असतं. युरोपीय संघात डिसेंबर 2014 पासून हॉटेलांनाही 14 ठरावीक ॲलर्जीकारक घटकांची माहिती द्यावी लागते, तिथे विचारायला अजिबात संकोचू नका. ॲड्रिनलिनचं इंजेक्शन लागणारं कुणी सोबत असेल तर ते त्या माणसाच्या अंगावरच्या पिशवीत हवं, हॉटेलच्या खोलीत नको. आणि ते कसं द्यायचं हे दुसऱ्या कुटुंबातल्या निदान एका मोठ्या माणसाला आधीच शिकवून ठेवा.

एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. ज्यांना कोळंबी किंवा खेकड्याची ॲलर्जी आहे, त्यांनी नाकतोडे आणि रातकिडे खाऊ नयेत. दोन्हींत ट्रोपोमायोसिन हे सारखं प्रथिन असतं आणि तीच प्रतिक्रिया उठू शकते.

शाकाहारी माणसं सोबत असली की धाडस संपलं, असं अनेकांना वाटतं. ते मला मुळीच पटत नाही. अडचण आहे ती लपलेल्या घटकांची. व्हिएतनाम आणि थायलंडमध्ये माशाचा सॉस, जपानमध्ये सुकवलेल्या बोनिटो माशाचं दाशी, म्हणजे उकळून काढलेला रस, मेक्सिकोत राजम्याच्या लगद्यात डुकराची चरबी. त्यामुळे ‘मांस नको’ हे पुरेसं नाही, मासा, त्याचा सॉस, रस आणि चरबी ही सगळी नावं घ्यावी लागतात. मात्र योग्य दार सापडलं तर शाकाहाऱ्यांना भरपूर नवं मिळतं. थायलंडमध्ये पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षर दिसलं की तिथे ‘जे’ जेवण मिळतं, त्यात मांस-मासे तर नसतातच, पण लसूण-कांदाही नसतो. इथिओपियात ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक बुधवारी आणि शुक्रवारी प्राणिज पदार्थ टाळतात, म्हणून त्या दिवशी ‘बेयाइनेतु’ सहज मिळतं: इंजेरावर डाळी, वाटाणे, पालेभाज्या आणि बीट यांचे रंगीत ढीग. जपानच्या कोयासान डोंगरावरच्या मंदिरांत मुक्काम केला तर शोजिन र्‍योरी हे भिक्षूंचं शाकाहारी जेवण वाढतात. मेक्सिकोतल्या ओआखाकामध्ये मक्याच्या कणसावर वाढणारी काळपट बुरशी, वित्लाकोचे, दिसायला भयंकर आणि चवीला अळंब्यासारखी खोल असते. टेबलावरचा सगळ्यात अचाट पदार्थ शाकाहारी असू शकतो, हे मांसाहारी मित्रांनाही एकदा दाखवून द्या.

औषधांकडेही एकदा बघा. रक्त पातळ ठेवणारी वॉरफेरिनची गोळी घेणाऱ्या वडीलधाऱ्यांनी जपानमधला नात्तो, म्हणजे आंबवलेले सोयाबीन, खाऊ नये, त्यात क जीवनसत्त्व नव्हे, ‘के’ जीवनसत्त्व भरपूर असतं आणि ते गोळीचा परिणाम उलटवतं. गरोदर स्त्रियांनी कच्चे मासे, कच्चं मांस आणि न तापवलेल्या दुधाचं चीज टाळावं. एक वर्षाखालच्या बाळाला मध चाटवू नये, तो कुठल्याही देशातला असो.

किती जण, किती वाजता

एका टेबलाला सहा ते आठ जण उत्तम. त्याहून जास्त असाल तर दोन टेबलं करा, पण मुलांचं एक आणि मोठ्यांचं दुसरं अशी वाटणी करू नका. मोठ्यांच्या मांडीला मांडी लावून बसलेलं मूल आपोआप ताटलीकडे हात नेतं.

वेळ मात्र तिथल्या लोकांची पाळायची. स्पेनमध्ये दुपारचं जेवण दोननंतर आणि रात्रीचं नऊनंतर सुरू होतं. संध्याकाळी सात वाजता तुम्हाला जागा मिळालीच तर ती पर्यटकांसाठी उघडी ठेवलेली असण्याचीच शक्यता जास्त. व्हिएतनाममधल्या हनोईत सकाळी फो हे नूडल्सचं सूप, दुपारी बुन चा, म्हणजे भाजलेलं डुकराचं मांस आणि नूडल्स, असा क्रम असतो. पेरूमध्ये सेविचे, म्हणजे लिंबाच्या रसात मुरवलेले कच्चे मासे, दुपारी खातात, आणि ते देणारी बरीच ठिकाणं संध्याकाळच्या आत बंद होतात. मेक्सिकोतलं मुख्य जेवण दोन ते चारच्या सुमाराला.

हे सगळं पाहता माझा ठाम सल्ला असा, की दिवसातला धाडसी पदार्थ दुपारी ठेवा. मुलं तेव्हा ताजीतवानी असतात, माल सकाळी आलेला असतो, स्पेनसारख्या देशांत दुपारचा ठरावीक दराचा मेनू स्वस्त पडतो. आणि समजा कुणाला काही बाधलंच, तर ते रात्री दोन वाजता अनोळखी शहरात न कळता दिवसाउजेडी कळतं, औषधाची दुकानं उघडी असतात. रात्री साधं खा.

पहिला दिवस फक्त बघायचा

उतरल्या दिवशी काहीही अचाट खाऊ नका. झोप अपुरी, पोटाचं घड्याळ बिघडलेलं, अशा वेळी साधा भातही जड जातो आणि दोष पदार्थाला लागतो. त्याऐवजी सगळ्यांनी मिळून बाजारात फिरा. टोकियोत त्सुकिजीचा घाऊक बाजार 2018 मध्ये तोयोसूला हलला, पण जुन्या जागेभोवतीची दुकानं आजही भरतात आणि नवख्यांना तीच अधिक सोयीची आहेत. सकाळी जा, विकणाऱ्याची गिऱ्हाइकं ओसरल्यावर प्रश्न विचारा. मुलांना एकच काम द्या: ज्याचं नाव माहीत नाही अशा तीन वस्तू शोधायच्या. दुसऱ्या दिवशी टेबलावर त्यातली एखादी ओळखू आली, की ती निम्मी परिचयाची झालेली असते.

जागा कशी निवडावी

जाळ डोळ्यांसमोर हवा आणि माल हलता हवा. समोर शिजलेलं आणि वाफाळतं मिळतंय, रांगेत स्थानिक लोक आहेत, त्यांच्यात लहान मुलं घेऊन आलेली माणसं आहेत, यादीत चार-पाचच पदार्थ आहेत, पैसे घेणारा हात आणि अन्नाला लागणारा हात वेगळा आहे, एवढं जुळलं तर ठेला असो की दुकान, निर्धास्त बसा. उलट तयार पदार्थांचे ढीग थंड होऊन पडलेत, माश्या बसताहेत, आणि मेनू आठ भाषांत छापलाय, तिथून पुढे चला. शिजलेलं अन्न साध्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त राहू नये, आणि उकाडा 32 अंशांवर असेल तर एकच तास, हा नियम लक्षात ठेवला की बहुतेक निर्णय सोपे होतात. पाण्याची खात्री नसेल तिथे बर्फ, कापून ठेवलेली फळं आणि कच्ची कोशिंबीर टाळा. सोलून खायची फळं चालतात.

पहिल्यांदाच असं जेवायला निघालेल्या घोळक्यासाठी सिंगापूरची हॉकर सेंटर्स मला सगळ्यात सोपी वाटतात. युनेस्कोने 2020 मध्ये ही परंपरा आपल्या यादीत घेतली. एका छपराखाली डझनावारी गाळे असतात, प्रत्येक जण आपल्या आवडीच्या गाळ्यावरून काहीतरी आणतो आणि सगळं एकाच टेबलावर वाटून खातो. टेबलावर कागदी रुमालांचं पाकीट ठेवलेलं दिसलं तर ती जागा कुणीतरी धरून ठेवलेली आहे, तिथे बसू नका. जेवण झाल्यावर ट्रे परत नेऊन ठेवणं बंधनकारक आहे.

याच धर्तीवर, पण जास्त धुराचा आणि गोंगाटाचा अनुभव ओआखाकाच्या वेइंते दे नोव्हिएंब्रे बाजारात मिळतो. तिथे मांस भाजणाऱ्यांची एक अख्खी गल्ली आहे. मांस निवडायचं, ते समोर कोळशावर भाजून घ्यायचं, तोर्तिया (मक्याच्या पोळ्या), कांद्याची पात, मिरच्या आणि साल्सा वेगळ्या घ्यायच्या आणि एका टेबलावर सगळं पसरायचं. आठ माणसांना कामं वाटून देता येतात आणि भाषा आली नाही तरी बोटाने भागतं. जपानमध्ये बोटाचं काम आणखी सोपं: अनेक हॉटेलांच्या काचेत पदार्थांच्या हुबेहूब प्रतिकृती मांडलेल्या असतात.

मागवायचं कसं

बसल्या बसल्या माणसांच्या निम्म्या ताटल्या मागवा. आठ जण असाल तर चार. त्यांतल्या दोन खात्रीच्या असाव्यात, भात, नूडल्स, ब्रेड किंवा साधं भाजलेलं काही. एक अर्धी ओळखीची. आणि एकच अगदी अनोळखी. ती सगळ्यांत आधी नको, पोट थोडं भरल्यावर यावी. भुकेल्या माणसाला चव घेण्याची उसंत नसते आणि भुकेलं मूल तर काहीही नाकारतं. पहिल्या चार संपत आल्या की पुढचं ठरवा. एका जेवणात दोन अचाट पदार्थ ठेवले तर दोन्हींचं कौतुक मागे पडतं.

लहान आकार मागायला शिका. स्पेनमध्ये बऱ्याच ठिकाणी अर्धी ‘रासिओन’, म्हणजे अर्धी ताटली, मिळते. चीनमध्ये हॉटपॉटचं, म्हणजे टेबलावरच उकळत्या रश्श्यात कच्चे जिन्नस शिजवून खायचं, भांडं मधून दुभागलेलं मागता येतं, एका बाजूला सिचुआनचा लालभडक तिखट रस्सा आणि दुसऱ्या बाजूला सौम्य. ज्या घोळक्यात तिखट खाणारे आणि न खाणारे दोन्ही आहेत, त्यांच्यासाठी याहून चांगली सोय मी पाहिलेली नाही. मात्र कच्चं मांस बुडवायचा चिमटा आणि खायच्या काड्या वेगळ्या ठेवा, मुलांना हे दोनदा बजावा.

उष्ट्याची अडचण कुणाला वाटत असेल तर ते आधी बोलून घ्या आणि प्रत्येक ताटलीसोबत वाढायचा वेगळा चमचा मागा. बहुतेक ठिकाणी आनंदाने देतात.

काय आधी, काय नंतर

अनोळखी पदार्थ माणसाला तीन ठिकाणी अडवतो: डोळ्यांपाशी, नाकापाशी आणि दातांखाली. या तिन्हींत डोळ्यांचा अडसर सगळ्यात लवकर दूर होतो, म्हणून सुरुवात तिथून करा. ओआखाकातले चपुलिनेस, म्हणजे लसूण, लिंबू आणि मीठ लावून भाजलेले नाकतोडे, दिसायला नाकतोडेच असतात, पण तोंडात गेल्यावर कुरकुरीत, आंबट-खारट लागतात. मुलं इथे मोठ्यांच्या पुढे जातात. चीनचं काळं अंडं, चुना-राख-मिठात मुरवलेलं, पांढऱ्याच्या जागी गडद पारदर्शक जेली घेऊन येतं. पातळ फोड करून टोफूवर ठेवलेलं खाल्लं तर बुजरा माणूसही दुसरी फोड घेतो.

नाकाचा अडसर मोठा. ड्युरियन या फळाचा वास इतका की सिंगापूरच्या मेट्रोत ते न्यायला बंदी आहे आणि अनेक हॉटेलं ते खोलीत येऊ देत नाहीत. म्हणून ते उघड्यावर, विकणाऱ्याच्या टेबलाशीच, चौघांत एक फळ असं वाटून खा. तैवानच्या रात्रबाजारातला आंबवलेला टोफू तळलेला घ्या, लोणच्यासारख्या कोबीबरोबर. शाकाहाऱ्यांनी मात्र आधी विचारावं, कारण तो मुरवण्याच्या पाण्यात कधी कधी सुकी कोळंबी असते. स्वीडनचा आंबवलेला हेरिंग, सुरस्त्रॉमिंग, डब्यात वायू साठून फुगलेला असतो. तो मोकळ्या हवेतच उघडायचा, आणि पातळ ब्रेडवर उकडलेला बटाटा आणि कांद्याबरोबर अगदी थोडा ठेवायचा. आइसलँडचा हाकार्ल, म्हणजे आंबवून महिनोन् महिने वाळवलेला शार्क, तर काडीला टोचलेल्या लहान चौकोनांतच देतात. नाकाला अमोनिया झोंबतो, जिभेवर तो बराच सौम्य असतो. वासाच्या पदार्थांचा एक नियम मी कायम पाळते: पहिला घास श्वास सोडताना घ्यायचा, आणि मत दुसऱ्या घासानंतर द्यायचं.

सगळ्यात चिवट अडसर पोताचा. बुळबुळीत, तंतू सुटणारं, चघळत राहावं लागणारं, अशा गोष्टींना मोठी माणसंसुद्धा हार जातात. नात्तो हे याचं ठळक उदाहरण. तो काड्यांनी भरपूर घोटून, मोहरी आणि सोया सॉस घालून, गरम भातावर थोडासा घेतला तरच पहिल्यांदा जमतो. व्हिएतनाम आणि फिलिपिन्समधलं गर्भ वाढलेलं बदकाचं अंडं पोत आणि दृश्य दोन्हींची परीक्षा घेतं. ते सहलीच्या शेवटाकडे ठेवा, एकच मागवा, आणि ज्याची मनापासून इच्छा आहे त्यालाच द्या. मोरोक्कोतल्या माराकेशच्या जमा अल-फना चौकातली गोगलगाईंची वाटी त्या मानाने प्रेमळ आहे: काडीने गोगलगाय ओढून काढायची आणि मग थाइम-बडीशेपेच्या वासाचा गरम रस्सा पिऊन टाकायचा. एका वाटीत चार काड्या टाकल्या की अर्धा तास मजेत जातो.

मुलं

दोन ते सहा वर्षांच्या वयात नवं अन्न नाकारणं अगदी नैसर्गिक आहे. एखादी चव मुलाने स्वीकारावी म्हणून ती दहा-पंधरा वेळा समोर यावी लागते, असं बालआहारावरचं संशोधन सांगतं. मग आठवड्याच्या सहलीत ते जमणार कसं? पूर्ण जमणार नाही. म्हणून सहलीत मुलाने खाल्लं की नाही हे मोजूच नका. त्याने ताटलीकडे पाहिलं, वास घेतला, जिभेला लावलं, एवढं झालं तरी पुढच्या वेळची तयारी झालेली असते.

एक नियम पुरतो: चाखायचं की नाही हे मूल ठरवेल, आणि चाखल्यावर नको वाटलं तर रुमालात काढून टाकायची मुभा आहे. ही मुभा दिली की अर्धी भीती जाते. ‘हे खाल्लंस तर आइस्क्रीम’ असा सौदा करू नका, ज्याच्यासाठी बक्षीस लागतं ते वाईटच असणार, हे मुलांना बरोबर कळतं. आणि दुसऱ्या कुटुंबाच्या मुलाला आग्रह तर कधीच करू नका. त्याला काय द्यायचं हे त्याच्या आईबाबांवर सोडा. गंमत अशी, की मोठ्यांच्या शंभर आग्रहांनी जे होत नाही ते शेजारच्या मित्राने न बोलता घेतलेल्या एका घासाने होतं. म्हणून मुलांना एकमेकांशेजारी बसवा, आपण गप्प राहा.

कामं द्या. जॉर्जियात खिंकाली, म्हणजे मोदकासारखी रसदार सारणाची पारी, आली की ती शेंडीला धरून उलटी करायची, कडेला लहान छिद्र पाडून आतला गरम रस आधी शोषायचा, मग खायची, आणि शेंडी ताटात ठेवायची. शेवटी शेंड्या मोजायच्या. हे तंत्र मुलांना दहा मिनिटांत जमतं आणि मग ती आजी-आजोबांना शिकवतात. इथिओपियात हाताने घास करून दुसऱ्याच्या तोंडात भरवतात, त्याला गुर्शा म्हणतात. मुलांकरवी मोठ्यांना गुर्शा भरवून घ्या.

जिथे नाही म्हणायचं

धाडसाला सीमा आहे आणि ती आधीच आखून ठेवलेली बरी, कारण टेबलावर भिडेपोटी होकार जातो. ईशान्य थायलंड आणि लाओसमधला ‘कोय प्ला’ हा कच्च्या गोड्या पाण्यातल्या माशांचा पदार्थ खाऊ नका. त्यातून यकृतात शिरणारा चपटा कृमी पुढे पित्तनलिकेच्या कर्करोगाला कारण ठरू शकतो, आणि लिंबाच्या रसाने तो मरत नाही. सेविचेतही लिंबू माशाचा रंग आणि पोत बदलतं, जंतू आणि कृमी मारत नाही, म्हणून ते ताज्या मालाच्या, गर्दीच्या ठिकाणीच खावं. उष्ण समुद्रातल्या प्रवाळांजवळचे मोठे शिकारी मासे, विशेषतः बॅराकुडा, टाळा. त्यांत सिग्वाटेरा विष असू शकतं, ज्याला चव नसते, वास नसतो आणि शिजवूनही ते जात नाही. कुणीतरी रानातून आणलेली अळंबी नकोत. जपानचा विषारी फुगू मासा फक्त परवानाधारक आचाऱ्याकडेच. कोरियातला सान्नाकजी, म्हणजे नुकत्याच कापलेल्या ऑक्टोपसचे वळवळते तुकडे, घशाला चिकटून माणसं गुदमरलेली आहेत. मुलांना आणि वृद्धांना तो देऊच नका, मोठ्यांनीही खूप चावून, दारू न पिता खावा.

आणि काही गोष्टी पोटाला सोसतील तरीही नकोत. खवल्या मांजराचं मांस, समुद्री कासवाची अंडी, शार्कच्या परांचं सूप, पिंजऱ्यात कोंडलेल्या उदमांजरांची कॉफी. यांना नवी चव म्हणून मान देऊ नये, मुलांना कारण सांगून नकार द्यावा.

टेबलावरची रीत

जेवण बनवणारा माणूस बहुतेक वेळा चार हातांवर उभा असतो. त्याला आपली भाषा कळत नसली तरी चेहरा कळतो. म्हणून घरून निघतानाच मुलांशी ठरवा: ‘शी’, ‘ई’ हे शब्द टेबलावर नाहीत, ‘माझ्यासाठी नाही’ एवढं चालेल. फोटो काढण्याआधी विचारा, आणि पदार्थ गरम असेपर्यंत एकच फोटो पुरे.

जपानमध्ये भातात काड्या उभ्या खोचू नका आणि एकाच्या काड्यांतून दुसऱ्याच्या काड्यांत घास देऊ नका, दोन्हींचा संबंध अंत्यविधीशी आहे. वाटून खाताना ही चूक सहज होते, त्यामुळे मुलांना आधी सांगा. मोरोक्को आणि इथिओपियात उजव्या हाताने आणि सामायिक ताटातल्या आपल्या समोरच्या भागातूनच खावं. थायलंडमध्ये चमच्याने खातात, काटा फक्त चमच्यावर ढकलायला.

पैसे

दोन कुटुंबांत प्रत्येक जेवणाला टीटीएमएम करत बसलात तर धाडसी ताटली कुणीच मागवणार नाही, कारण ‘आम्ही तर ते खाल्लंच नाही’ हे वाक्य टेबलावर येतं. त्यापेक्षा रोज सकाळी दोघांनी ठरावीक रक्कम एका पाकिटात टाकावी आणि जेवणं त्यातून व्हावीत. दारूचा हिशेब वेगळा ठेवा, तिथेच बहुधा कुरबूर होते.

बिलात न मागवलेलं काही दिसलं तर लगेच भांडू नका. इटलीत माणशी ‘कोपेर्तो’, म्हणजे टेबलावर बसण्याचे पैसे, लागतो. जपानच्या इझाकायात, म्हणजे दारूबरोबर खाणं देणाऱ्या दुकानात, सुरुवातीला येणारी ‘ओतोशी’ची लहान वाटी हे बसण्याचंच शुल्क असतं. पोर्तुगालमध्ये टेबलावर येणारे ब्रेड आणि ऑलिव्ह फुकट नसतात, नको असतील तर हात न लावता परत पाठवा. मासे वजनावर विकत असतील तर वजन करून किंमत सांगितल्याशिवाय भट्टीवर जाऊ देऊ नका, दर बऱ्याचदा शंभर ग्रॅमचा लिहिलेला असतो. अमेरिकेत 15 ते 20 टक्के टिप अपेक्षित असते, जपानमध्ये टिप देत नाहीत.

पोट बिघडलं तर

ओआरएसची पाकिटं सोबत हवीत. पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात अख्खं पाकीट विरघळवा, अर्धं-पाऊण करू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणातलं पाकीट एक लिटरचं असतं. पाकीट नसेल तर एक लिटर सुरक्षित पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचाच अर्धा सपाट चमचा मीठ. घोट घोट, पण सतत. जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या लहान मुलांना देऊ नका, आणि ताप किंवा रक्त असेल तर मोठ्यांनीही घेऊ नयेत. शौचात रक्त, चढता ताप, लघवी कमी होणं, मूल सुस्त पडणं, यांतलं काहीही दिसलं तर थेट डॉक्टर. तिथे काय खाल्लं ते सांगावं लागतं, म्हणून रोजच्या मेनूचा स्थानिक लिपीतला फोटो काढून ठेवा. जेवणाआधी हात साबणानेच धुवा, पोट बिघडवणाऱ्या नोरोव्हायरसपुढे सॅनिटायझर फारसा चालत नाही.

शेवटची संध्याकाळ

परतीच्या आदल्या रात्री नवं ठिकाण शोधत फिरू नका आणि कच्चं काही खाऊ नका, विमानात त्रास नको. जिथे सगळ्यात छान जमलं होतं तिथेच पुन्हा जा. दुसऱ्यांदा आलेल्या गिऱ्हाइकाला दुकानदार ओळखतो आणि मेनूत नसलेलं काहीतरी आपणहून सुचवतो, ते मागवा. आणि पहिल्या वेळी ज्या ताटलीवरून मुलांची भांडणं झाली होती, ती या वेळी दोन मागवा.